रत्नपाल मामाची दुरुस्ती

माझा धंदा ऐकून लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मी साहेब लोकांच्या नावाने लिंक्डइनवर पोस्ट लिहिते. बेलापूरच्या एखाद्या कंपनीचा मालक सकाळी सकाळी लिहितो ना, "काल माझ्या ड्रायव्हरने मला नेतृत्वाचा धडा शिकवला", ते त्याने लिहिलेलं नसतं. ते मी लिहिलेलं असतं, रेवदंड्यात आमच्या ओट्यावर बसून, समोर नलू वहिनीचे बोंबील वाळत असताना. ड्रायव्हर माझा, धडाही माझा. असे नऊ साहेब आहेत माझ्याकडे. नऊही जण नम्र, नऊही जण रोज काहीतरी शिकतात. धन्य आहे!

याचे नियम असतात. पहिली ओळ अशी हवी की वाचणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. वाक्यं तुटक हवीत. मधे थोडं दुःख, मग मोठं यश, आणि शेवटी एक प्रश्न, म्हणजे लोक खाली कमेंट करतात. चार वर्षं मी हे करते आहे आणि खोटं कशाला बोलू, मला ते चांगलं जमतं. निदान तसा माझा गैरसमज होता, रत्नपाल मामाचं प्रकरण होईपर्यंत.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. विहाराच्या मागे, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो. वय एकावन्न. सत्तावीस वर्षं तो न्हावा शेव्याला एका यार्डात कंटेनर सर्व्हेअर होता. आठवडाभर उरणला खोलीवर राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. सर्व्हेअरचं काम असं, की रिकामा कंटेनर यार्डात आला की तो माल भरायच्या लायकीचा आहे का ते बघायचं आणि कागदावर सही करायची. पत्रा कुठे चेपलाय, खालची फळी कुठे सुटलीय, दाराचं रबर फाटलंय का, सगळं बघायचं. आत तांदूळ नाहीतर दुधाची पावडर जाणार असेल तर गुडघे टेकून फळीचा वास घ्यायचा. मामाची सही झाली की कंटेनर पास.

ही सवय तो घरीही घेऊन यायचा. बाजारातून मामीने बादली आणली, की ती उजेडात धरून फिरवून बघितल्याशिवाय मामा तिच्यात पाणी ओतू द्यायचा नाही. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात सगळे जेवत होते आणि हा हॉलच्या मालकाला हाताला धरून छपरातली तीन भोकं दाखवत होता. आम्ही लाजेने मेलो. मालकाने मात्र नंतर घरी फोन करून आभार मानले.

जानेवारीत ते यार्ड बंद झालं. कंपनीने सगळं काम दुसऱ्या राज्यात नेलं. मामा पेटी घेऊन घरी आला आणि पाच महिने अर्ज करत बसला. काहीजण वय विचारायचे आणि गप्प व्हायचे. काहीजण म्हणायचे, आता हे काम कॅमेरे करतात काका. सुरुवातीला तो रोज दाढी करून बसायचा, फोन येईल म्हणून. एप्रिलनंतर दाढीही दोन-दोन दिवस राहायला लागली.

त्यातच अजित आला. अजित हा मामाचा शाळेपासूनचा दोस्त. मांडव्याकडे मुंबईवाल्यांचे बंगले आहेत, त्यातल्या सहा बंगल्यांची देखभाल तो बघतो. एका बंगल्याच्या गेटवर माणूस हवा होता. राहायला खोली, जेवण, पगार वेळेवर. मालकाला महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"काम वाईट न्हाय गो," मामा मला म्हणाला. "अजित भला माणूस हाय. पण तिथं येणारी गाडी बघायची नि गेट उघडायचं. मला जे येतं ते तिथं कोणाला नको. मी एकदा त्या खुर्चीत बसलो की परत यार्डात न्हाय जायचो, ते मला ठाऊक हाय." मग म्हणाला, "तुझ्या त्या साइटवर मला टाकतेस का?"

ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून रेवदंड्याचा किल्ला दाखवला, तो माझ्याकडे अशी मदत मागत होता. मी म्हटलं, "टाकते म्हणजे काय मामा, अशी पोस्ट लिहिते की बघतच राहशील!"

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्याच्या पडवीत बसले. किती कंटेनर तपासलेस? म्हणाला, मोजले न्हाय. म्हटलं, लाखभर? म्हणाला, असतील. मग मी विचारलं, "कधी चूक झाली?" मामा गप्प बसला. तेवढ्यात सुचिता मामीने चहाला हाक मारली, तो उठून आत गेला, आणि त्या गप्प बसण्याचा मी मला हवा तसा अर्थ लावला. मी साहेबांच्या बाबतीत रोज तेच करते. ते गप्प बसतात, मी लिहिते.

मामाच्या नावाने खातं उघडलं, ते त्याच्या आणि माझ्या दोन्ही फोनवर चालू केलं आणि पोस्ट टाकली ती अशी. सत्तावीस वर्षं. एक लाख कंटेनर. शून्य चुका. मग हेल्मेट घातलेल्या मामाचा जुना फोटो, थोडं यार्ड बंद झाल्याचं दुःख, आणि शेवटी प्रश्न: तुमच्या कंपनीत अनुभवाला जागा आहे का? खाली मामाचा फोन नंबर. इंग्रजीत लिहिली होती, चांगली ठसकेबाज. संध्याकाळपर्यंत चारशे लाइक आले, दुसऱ्या दिवशी हजार. माझ्या नऊ साहेबांपैकी एकाचीही पोस्ट कधी एवढी गेली नव्हती. तिसऱ्या दिवशी पनवेलच्या एका कंपनीच्या बाईंचा मेसेज आला, गुरुवारी मुलाखतीला या. मामीने घावणे केले, मला चार जास्त वाढले, आणि मी अशी ताठ बसून खाल्ले की जसं काही नेमणुकीचं पत्र मीच दिलं होतं.

मामा मात्र चष्मा लावून फोन हातात घेऊन बसला होता. त्याला इंग्रजी हळू वाचता येतं. सत्तावीस वर्षं इंग्रजी फॉर्म भरले आहेत, एकेक शब्द बोट ठेवून वाचतो. सगळं वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "हे शून्य चुका कोणी तपासलं?"

"मामा, सगळे असंच लिहितात."

"सगळ्यांचं मला काय करायचंय? खाली नाव माझं हाय. बदल ते."

मी म्हटलं, आता हात लावला तर पोस्टची धाव थांबेल, लोकांना दिसणार नाही. हे मी ठोकून दिलं. खरं कारण असं की मला माझ्या हजार लाइकची मस्ती चढली होती. मामाने चष्मा काढला आणि फोन बाजूला ठेवला. मला वाटलं, पटलं.

मंगळवारी मला एका साहेबांना भेटायला मुंबईत जावं लागलं. दुपारच्या बोटीने परत मांडव्याला उतरले, जेट्टीवर उभी राहून फोन उघडला, आणि बघते तर काय! मामाने स्वतःच्या पोस्टखाली स्वतः कमेंट टाकली होती. मराठीत. सर्व्हेच्या कागदावर शेरा लिहितात तशी.

"वरील मजकुरात दुरुस्ती. शून्य चुका हे बरोबर नाही. माझ्या माहितीत एक आहे. ऑगस्ट २०१३, वीस फुटी कंटेनर. नंबर मला पाठ आहे, पण दुसऱ्याचं नाव जाईल म्हणून लिहीत नाही. जागा: छप्पर, मागून तिसरी पट्टी, जुन्या पॅचच्या कडेला. भोकाचा आकार मुगाच्या दाण्याएवढा. रिकाम्या कंटेनरमध्ये जाऊन दारं बंद करून घ्यायची आणि काळोखात कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का ते बघायचं, असा नियम आहे. त्या दिवशी गेटवर ट्रेलरची रांग होती. मी आत गेलो नाही. बाहेरून बघून सही केली. त्यात तांदूळ भरला गेला. वाटेत पाणी शिरलं आणि पोचेपर्यंत सगळा कुजला. दोष वादळावर गेला. मी साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, कोणी विचारलं नाही तर बोलू नको. मी बोललो नाही. सही माझी होती. त्यानंतर आत गेल्याशिवाय एकही सही केलेली नाही. कळावे, रत्नपाल धर्माजी."

कोण करतं असं? नोकरी मागायला आलेला माणूस स्वतःच्या जाहिरातीखाली स्वतःची चूक लिहितो, तीही जागा आणि मापासकट! मांडव्याहून अलिबाग आणि अलिबागहून रेवदंडा, सबंध रस्ता मी रिक्षात बसून मनातल्या मनात मामाला बोलत होते. घरी बॅगही ठेवली नाही, तडक त्याच्या पडवीत गेले.

"मामा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गुरुवारी मुलाखत आहे! कोणी विचारलं होतं तुला?"

"कोणी न्हाय," मामा म्हणाला. "म्हणूनच लिहिलं. मी कंटेनरच्या कागदाखाली सही करतो तिथं डोळ्यानं बघितलेलं असतं. आणि माझ्या नावाखाली तू न बघितलेलं लिहिलंस."

"ते लोक वाचतील ना!"

"वाचायलाच लिवलंय."

मी मदतीला मामीकडे बघितलं, तर मामी खांबाला टेकून बसली होती आणि तिचे डोळे लाल होते. शेजारच्या दिशा नावाच्या मुलीने तिला ती कमेंट वाचून दाखवली होती. तिचा राग माझ्यापेक्षा वेगळाच निघाला. "अख्ख्या दुनियेला सांगितलंत," ती मामाला म्हणाली. "मला एका शब्दानं न्हाय. त्या वर्षी गणपतीत तुम्ही दहा दिवस तोंड पाडून होतात. मी विचारून विचारून थकले. मला वाटलं, माझंच काय चुकलं." मामाने मान खाली घातली. मी बॅग उचलून गुपचूप घरी आले.

बुधवारी पनवेलच्या बाईंचा मेसेज आला. जागा सध्या भरली आहे, पुढे काही असल्यास कळवू. मी तो मामाला वाचून दाखवला. त्याने एकदा "बरं" म्हटलं. मग मागच्या दारी जाऊन उगाच माडाला पाणी घालत बसला.

गुरुवारी तो स्वतः आमच्या ओट्यावर आला. महिना संपायला दोन दिवस होते. अजितचा सकाळीच फोन येऊन गेला होता, शनिवारी उत्तर घ्यायला येतो म्हणून.

"काढून टाक ती दुरुस्ती," मामा म्हणाला. "तुझंच बरोबर. अजितला हो म्हणतो. पण मामी म्हणते, एवढ्यात कोणाचा फोन आलाच तर निदान ती आडवी नको यायला. तूच काढ, मला न्हाय काढवत."

तो गेला. मी फोन उघडला. कमेंट पुसायला दोनदा बोट लावावं लागतं, बास. पण पुसायच्या आधी मी ती पुन्हा वाचली, आणि मग तिच्या खाली काय आहे ते बघायला गेले. मंगळवारी रागाच्या भरात ते बघितलंच नव्हतं.

खाली तेवीस माणसांनी लिहिलं होतं. एका क्रेनवाल्याने लिहिलं होतं की त्याने एकदा दोर न तपासता भार उचलला, नशिबाने खाली कोणी नव्हतं, आणि हे तो आज पहिल्यांदा कुणाला सांगतो आहे. कांडला बंदरातल्या एका क्लार्कने चुकीचा शिक्का मारल्याचं लिहिलं होतं. कुणी गोदू नावाचा ट्रेलर ड्रायव्हर होता, त्याने एवढंच लिहिलं होतं, "दादा, रांगेत आम्हीच हॉर्न मारत असू. माफी." मी चार वर्षं प्रत्येक पोस्टच्या शेवटी प्रश्न विचारते. तुमचं काय मत? तुम्ही काय शिकलात? उत्तरं काय येतात, तर टाळ्यांची चित्रं आणि "छान सर". इथे मामाने काहीच विचारलं नव्हतं आणि लोक मन मोकळं करत होते. मला लाज वाटली. खूप लाज वाटली. त्या दिवशी मामा पडवीत गप्प बसला होता, तेव्हाच मी वही मिटून थांबायला हवं होतं.

संध्याकाळी मामाने विचारलं, "काढलीस?"

"काढली," मी म्हटलं.

काढली नव्हती. मला जमलंच नाही. आणि काढली नाही असं सांगायचं धाडसही झालं नाही. त्याच्या नोकरीचं काही बरंवाईट झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं, कोण जाणे.

शनिवारी सकाळी दहाला अजित मोटारसायकलवरून मामाकडे आला. मामी चहा करत होती. मामाने दाढी केली होती, चांगला शर्ट घातला होता. हो म्हणायचं तर नीट कपड्यात म्हणावं, असा त्याचा हिशेब. मीही जाऊन बसले. अजित म्हणाला, "मग रत्न्या, सांगू ना शेठला?" मामाने कप खाली ठेवला. तोंड उघडलं, आणि फोन वाजला. नंबर अनोळखी होता. मामाने स्पीकर लावला, कारण त्याला फोन कानाला लावून ऐकू येत नाही. यार्डातल्या आवाजाने कान मंद झालेत.

"रत्नपाल धर्माजी का? मी रुचिका बोलतेय, जासईहून. आमचं यार्ड आहे, फक्त खाण्याच्या मालाचे कंटेनर असतात. तुमची पोस्ट वाचली. खरं सांगू का, पोस्ट मला आवडली नाही."

मी मान खाली घातली.

"माझ्याकडे सर्व्हेअरच्या जागेसाठी दीडशे अर्ज आलेत," बाई पुढे म्हणाल्या. "सगळ्यांच्या चुका शून्य. असं असतं होय? मी स्वतः बारा वर्षं यार्डात उभी आहे. मग खाली तुमची दुरुस्ती वाचली. छप्पर, तिसरी पट्टी, पॅचची कड. एवढं बारा वर्षं कोण लक्षात ठेवतं? मला असा माणूस पाहिजे. तुम्ही ती सगळ्यांसमोर लिहिलीत आणि तशीच ठेवलीत, म्हणून फोन केला."

मामा माझ्याकडे बघायला लागला. त्याचे डोळे एवढे मोठे झाले होते. मी हात जोडले, डोळ्यांनी विनवलं, मामा गप्प बस, देवाशपथ गप्प बस, हो म्हण आणि फोन ठेव. अजितने चहाचा कप तसाच हवेत धरला होता.

"मॅडम," मामा म्हणाला, "एक सांगायचं हाय. मी ती ठेवली न्हाय. दोन दिवसांपूर्वी मी ती काढायला सांगितली होती. पनवेलची नोकरी गेली, घाबरलो. माझ्या मते ती काढलेली होती. तुम्हाला कशी दिसली मला ठाऊक न्हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, दुरुस्तीची दुरुस्ती! आत मामीच्या हातातला पातेल्याचा चिमटा खाली पडला.

मग बाईंनी विचारलं, "काढायला कोणाला सांगितली होती?"

"भाचीला. ती म्हणाली, काढली."

"आणि काढली नाही?"

"असंच दिसतंय."

बाई हसायला लागल्या. चांगल्या मोकळ्या हसल्या. "भाचीला माझा नमस्कार सांगा. आणि तुम्ही सोमवारी साडेआठला जासईला या. येताना बूट तुमचे आणा, बाकी सगळं इथे मिळेल. आमच्याकडेही गेटवर रांग असते, धर्माजी. मी हॉर्न मारणाऱ्यांना सांभाळते, तुम्ही आत जाऊन दारं लावून घ्यायची. चालेल?"

"चालेल," मामा म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "चालेल मॅडम."

फोन बंद झाला. अजित म्हणाला, "म्हणजे मी दुसरा माणूस बघू ना?" आणि मग त्यालाच भरून आलं. त्याने उठून मामाच्या पाठीत असा धपका घातला की चहा सांडला. मी रडत होते, नाक पुसायला ओढणीही सापडेना.

मामाने मात्र माझ्यावर बोट रोखलं. "खोटं बोललीस माझ्याशी. दोनदा. एकदा शून्य म्हणून आणि एकदा काढली म्हणून."

"हो मामा," मी म्हटलं. "चुकलं."

"तिला कशाला बोलताय?" मामी आतून बाहेर आली. पदराला हात पुसत ती त्याच्यासमोर उभी राहिली. "तिचं खोटं दोन दिवसांचं. तुमचं बारा वर्षांचं. आणि तेही माझ्याशी. माझी दुरुस्ती कोण लिवणार?"

मामाने रोखलेलं बोट खाली घेतलं. अजित होता, मी होते, पडवीच्या पायरीखाली दिशा येऊन उभी होती. एरवी चारचौघांत मामा मामीचं नावही घेत नाही.

"सुचिता," तो म्हणाला, "तुला पहिल्यांदा सांगायला पायजे होतं. मी भ्यायलो. तुझ्या नजरेतून उतरेन असं वाटलं." एवढं बोलून तो हमसून रडायला लागला, आणि मामी सगळ्यांसमोर त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात धरून ठेवला.